पिवळ्या कण्हेरीची लाखोली

अंथुर्ण्यात बनाबाईंच्या बंगल्याचा पत्ता विचारला, तर लोक ना गल्ली सांगत ना आडनाव. "डांबरी सोडून आत वळा, अन् डोळ्यांत पिवळं भरलं का थांबा," एवढेच सांगत. आणि ते खरेही होते. डाळिंबाच्या बागेला लागून असलेल्या त्या बंगल्याभोवती पिवळ्या कण्हेरीचे कुंपण होते, पुरुषभर उंचीच्याही वर गेलेले, आणि श्रावणात त्याला पानांपेक्षा फुलेच अधिक आहेत असा भास होई. गेणबांना तिथे तारेचे कुंपण हवे होते. बनाबाईंनी तो बेत एका वाक्यात निकालात काढला होता: "तारंला फुलं येत्यात का?"

त्या घरात असेच चालत असे. सत्तरी उलटली तरी बागेला पाणी कधी तोडायचे, पाहुण्याला जेवणाला थांबवायचे की चहावर वाटेला लावायचे, हे बनाबाईच ठरवत; आणि एकदा त्यांनी ठरवले की गेणबा मान डोलावून मोकळे होत. मुलगा दीपक बाहेर चार माणसांत आवाज चढवून बोले, पण उंबऱ्याच्या आत आला की त्याचाही आवाज खाली येई.

गेल्या थंडीत गेणबांच्या काळजाने ताल सोडला. विहिरीपर्यंत चालताना दम लागू लागला, पायांवर सूज आली. बारामतीच्या डॉक्टरांनी एक इवलीशी पांढरी गोळी लावून दिली. सून स्वरूपा ती रोज सकाळी सासूच्या देखत सासऱ्यांच्या तळहातावर ठेवी. गोळीने सूज उतरली, दम थांबला. परंतु एवढ्याशा गोळीवर सगळा भार टाकून स्वस्थ बसणे बनाबाईंच्या स्वभावात नव्हते. धन्याच्या काळजासाठी त्यांनी महादेवाला लाखोली बोलली.

लाखोली म्हणजे एकाच जातीची लाख पाने किंवा फुले, महिनाभर रोज मोजून, देवाला वाहायची. बनाबाईंच्या सासूने आपल्या काळी बेलाची वाहिली होती. बनाबाईंनी सासूची सगळी रीत जशीच्या तशी उचलली, फक्त बेल बदलला. "बेल काय, कुणीबी इंदापूरच्या बाजारातून पोत्यानं आणंल," त्या म्हणाल्या. "माझ्या दारात कण्हेर हाय. दुसऱ्याच्या झाडावर आमी देव पुजायचा न्हाय."

मग श्रावण लागल्यापासून रोज उजाडताच वस्तीवरच्या बायका टोपल्या घेऊन कुंपणाला भिडू लागल्या. फूल खुडले की देठातून दुधासारखा चीक गळे आणि हाताला चिकटून बसे.

"आक्का, हाताची आग व्हतीया ह्या चिकानं," फुलाबाई एकदा कळवळून म्हणाली.

"राखेनं धू. अन् फूल देठासकट खुड. बोडकं फूल देवाला चालत न्हाय."

"देवाला चालत न्हाय का आक्काला?" दुसरी कुणी तरी पुटपुटली आणि टोपल्यांआड खसखस पिकली. बनाबाईंनी ऐकले, पण ऐकले नाही असे दाखवले. पूजेच्या कामात त्या रागवत नसत.

अंगणातल्या छोट्या देवळीत पिंड होती. ऊन वर येईतो ती फुलांखाली दिसेनाशी होई. पिवळ्या राशीतून तांब्याचा नाग तेवढा फणा काढून वर उरे. ते दृश्य पाहताना बनाबाईंच्या अंगावर रोज काटा येई. माती एक, पाणी एक, आणि त्यातून हे एवढे सोने रोज नव्याने वर येते तरी कसे, असे वाटून त्या काही क्षण मोजणी विसरत. मग स्वतःवरच डाफरून पुन्हा मोजू लागत.

सासूच्या रितीत रोजच्या पूजेच्या शेवटी तीर्थ असे. वाहिलेल्या फुलांवर पंचामृताचा अभिषेक करायचा, ती सगळी फुले त्या पाण्यासकट घंगाळात रात्रभर ठेवायची, सकाळी हाताने कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळायची. ते तीर्थ नवस बोलणाऱ्या नवराबायकोनेच घ्यायचे. तिसऱ्याने फक्त डोळ्यांना लावायचे. बेलाचे तीर्थ कसे लागत असे ते बनाबाईंना ठाऊक नव्हते; सासूच्या वेळी त्यांनी ते फक्त डोळ्यांना लावले होते. कण्हेरीचे मात्र कडू जहर लागे. म्हणून त्या त्यात मध सढळ हाताने ओतत. मधाला तोटा नव्हता. डाळिंबाच्या फुलोऱ्यासाठी नागेश नावाच्या एका पोराने बागेत मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या होत्या, आणि येता-जाता तो आक्कांच्या हाती ताज्या मधाची बरणी ठेवी.

कण्हेरीचे बी विषारी असते हे बनाबाईंना ठाऊक नव्हते असे नाही. ते खाऊन जिवानिशी गेलेल्या सासुरवाशिणी त्यांच्या पिढीने पाहिल्या होत्या. पण ते बी. फूल देवाचे. आणि ज्याने हलाहल पचवले त्याच्या अंगावरून उतरलेल्या पाण्यात विषाचा अंश उरेल, ही शंकाच त्यांच्या मनाला पाप वाटली असती. त्या स्वतः पळीभर तीर्थ घेत. गेणबांना पेलाभर देत, कारण नवस त्यांच्या काळजासाठी होता.

लाखोली निम्म्यावर आली असेल-नसेल, तेव्हा एका सकाळी समई लावताना बनाबाईंचा हात वाटेतच थांबला. ज्योतीभोवती एक कडे होते. पिवळे, मऊ, इंद्रधनुष्यासारखे काठावर विरत गेलेले. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. कडे तिथेच होते. पिंडीकडे पाहिले तर पांढरे भस्मही सोनेरी झालेले. साऱ्या देवळीत कुणी पिवळा प्रकाश ओतून ठेवला होता.

त्या तशाच पाटावर बसल्या. आयुष्यभर पूजाअर्चा केली, सोवळे पाळले, पण देवाने असे उत्तर कधी दिले नव्हते. हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर ते निम्मे झाले असते. त्या दिवसापासून त्यांची मान जरा जास्तच ताठ झाली, आणि सकाळी पोटात मळमळे, घास उतरत नसे, तेही त्यांनी उपासाच्या खात्यावर टाकून दिले.

गेणबांचे मात्र दिवसेंदिवस अवघड होत चालले. आधी जेवण सुटले. मग उलट्या. मग दिवसभर पडून राहणे. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली. बनाबाईंनी तीर्थ वाढवले. एका पेल्याचे दोन पेले केले, एक सकाळी, एक दिवेलागणीला.

"अगं, पोटात पाणी ठरत न्हाय, अन् तू आनी वततीस," गेणबा म्हणाले.

"देवाचं हाय. प्या गुमान."

"देवाला म्हनावं, थोडी साकर तरी घाल."

"मध घातलाय की. लहान लेकरावानी तोंड करू नका."

गेणबांनी डोळे मिटून पेला रिकामा केला. बायकोने सांगितलेले उगाच टाळायचे नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त होती. पेला परत देताना ते म्हणाले, "बने, तुजं लुगडं पिवळं हाय का पांढरं?" बनाबाईंनी अंगावरच्या पांढऱ्या पातळाकडे पाहिले, आणि त्यांचे काळीज आनंदाने भरून आले. म्हणजे ह्यांनाही दिसू लागले तर!

त्याच दिवशी दुपारी, जरा हवेला म्हणून उठलेले गेणबा बागेच्या बांधावर कोसळले. नागेशच्या पेट्यांपासून चार हातांवर ते सापडले. घामाने भिजलेले, ओठ पांढरे, डोळे उघडे पण कुणालाच न ओळखणारे. दीपकने मनगट धरून पाहिले. एक ठोका लागला. मग इतका वेळ काहीच लागले नाही की त्याने स्वतःचाच श्वास रोखून धरला. मग दुसरा.

गाडीत मागे गेणबांचे डोके बनाबाईंच्या मांडीवर होते. समोर स्वरूपा, तोंडात पदर धरून बसलेली. दीपक एका हाताने गाडी हाकत दुसऱ्या हाताने फोनवर नागेशवर तोंड सोडत होता.

"कसला मध दिलास रं तू? माझा बाप तुज्या मधानं पडलाय. त्याला काय झालं तर तुजी एक पेटी शिवारात ठिवणार न्हाय, जाळून टाकीन समद्या!"

बारामतीच्या अलीकडे एमआयडीसीतली पाळी सुटली होती. मोटारसायकलींचा लोंढा दोन्ही अंगांनी वाहत होता आणि गाडी त्यात अडकली. बनाबाईंनी धन्याच्या छातीवर तळहात ठेवला होता. तळहाताखाली काही हलेपर्यंत त्या वाट पाहत, हलले की पुन्हा वाट पाहत. इतकी वर्षे हे काळीज कुणाला न सांगता, कुणाला न विचारता चालत होते, आणि एकदाही आपण त्याच्याकडे लक्ष दिले नाही, याचेच त्यांना त्या गर्दीत विलक्षण नवल वाटले. पिशवीत तीर्थाची बाटली होती. निघताना त्यांनी दुसरे काही घेतले नव्हते.

दवाखान्यात डॉक्टर वृषाली होत्या. तिशीतल्या, बारीक अंगाच्या, आणि बोलताना हात न हलवणाऱ्या. त्यांनी गेणबांच्या छातीला तारा लावल्या, आणि पलंगाच्या उशाशी काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ धावू लागली. धावे, एकदम उंच उडे, मग लांबलचक सपाट जाई.

"काळजात वीज असते, काकू," डॉक्टर सुई भरता भरता म्हणाल्या. "ती वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात उतरते, तेव्हा ठोका पडतो. तात्यांची वीज मधल्या वाटेवरच अडते आहे."

"काळजात वीज?" बनाबाईंनी विचारले. "कुठनं येती?"

"स्वतःच तयार होते. आईच्या पोटात असल्यापासून."

बनाबाई रेघेकडे पाहतच राहिल्या. सुईने रेघ थोडी दाट झाली, उड्या जवळ आल्या. आणि अर्ध्या घटकेत पुन्हा विरळ झाल्या. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली.

तेवढ्यात नागेश धापा टाकत दारात आला. मोटारसायकलवरून मागोमाग आला होता, हातात मधाची बरणी. दीपक अंगावर धावून जाणार तोच त्याने बरणीचे झाकण फिरवून काढले, चार बोटे आत बुडवली आणि सगळ्यांच्या देखत चाटून पुसून खाल्ली. पुन्हा बुडवली.

"हीच पेटी, हाच मध," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "दीपकभाऊ, मला काय झालं तर इथंच पडतो. दवाखाना हायेच."

"बस, बस, पुरे," डॉक्टर म्हणाल्या आणि बरणी त्यांनी हाती घेतली. "तुमचा संशय अगदीच खुळा नाही, दीपकराव. मधानेही असे होते. बर्फाच्या डोंगरांवर एक झुडूप फुलते, त्या फुलांचा मध चमचाभर पोटात गेला तरी नाडी अशीच बसते, घेरी येते, माणूस कोसळतो. पण ते झुडूप आपल्या माळावर जगत नाही. आणि त्या मधाचा अंमल दिवसाभरात उतरतो. तात्यांचे दुखणे तर कित्येक दिवस चढतेच आहे. कुठून तरी रोज काही तरी आत जाते आहे. ते कळले नाही, तर मी नुसती सुया मारत राहीन, आणि एखाद्या वेळी सुई कमी पडेल."

रक्त तपासायला गेले होते. त्याचा निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

"काळजाची ती पांढरी गोळी तात्यांना कोण देते?"

"मी," स्वरूपा म्हणाली.

"रोज एकच?"

"एकच, डॉक्टर."

"रक्तात त्या औषधाचा अंश असायला हवा त्याच्या कितीतरी वर गेला आहे."

सगळ्यांची तोंडे स्वरूपाकडे वळली. दीपकच्या मनातला राग अजून शमला नव्हता. त्याला जागा मिळाली. "इसरून दोनदा दिली आसशील! मोबाईलमदी डोकं घालून बसतीस, ध्यान कुठं आसतं तुजं?"

"दोनदा न्हाय दिली वो," स्वरूपा म्हणाली. ती रडली नाही. नुसती सासूकडे पाहत राहिली. "आत्याबाईंच्या म्होरं देते की मी रोज. आत्याबाई, सांगा ना."

बनाबाई तेव्हा पलंगाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. पिशवीतून बाटली काढून झाकण त्यांनी सैल केले होते. डॉक्टरांची सुई कमी पडेल तर आपले तीर्थ पुरे पडेल, असे त्यांच्या मनाने घेतले होते, आणि गेणबांचे डोके डाव्या हाताने उचलून उजव्या हाताने बाटली ओठांशी नेतच होत्या. गेणबांनी डोळे उघडले.

"बने," ते पुटपुटले, "ह्या दिव्याला कडं पडलंय बघ. समदं पिवळं दिसतंय. हळदीत बुडवल्यावानी."

डॉक्टर झटकन पुढे आल्या. "पिवळे दिसते? कधीपासून?"

"लई दिस झालं."

"तेच," डॉक्टर जणू स्वतःशीच बोलल्या. "ते औषध अंगात जास्त झाले की डोळ्यांना सगळे पिवळे दिसू लागते. दिव्याभोवती कडे दिसते. मळमळ होते, अन्न जात नाही, नाडी बसते. म्हणजे निकाल बरोबर आहे. सूनबाई, नीट आठवा, गोळी खरंच एकच का?"

बाटली गेणबांच्या ओठांपासून दोन बोटांवर होती. बनाबाईंचा हात तिथेच गोठला.

पुढे जे घडले त्याला वेळ फारसा लागला नाही, पण बनाबाईंना ते आयुष्याएवढे लांब वाटले. सून गोळी एकच देते, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी स्वतः तर ती गोळी जिभेवर कधी ठेवलीही नव्हती. तरीही कडे त्यांना दिसले होते. मळमळ त्यांनाही होती. घरात फक्त त्या दोघांच्याच पोटात रोज जाणारी वस्तू एकच होती, आणि ती त्यांच्याच हातात होती. हे बोलायचे, तर देवळीतला तो सोनेरी प्रकाश देवाचा नव्हता, असेही म्हणावे लागत होते. आयुष्यात एकदाच झालेले दर्शन स्वतःच्या तोंडाने पुसून टाकावे लागत होते. न बोलायचे, तर सून दोषी ठरत होती आणि धनी जात होता.

हिरवी रेघ सपाट झाली. सपाटच राहिली. मग कुठूनशी एक उडी आली.

"डॉक्टर," बनाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला, "ते कडं मलाबी दिसतं."

"आई, तू आता कशाला—"

"गप बस, दीपक. मी ती गोळी घेत न्हाय. सून एकच देती, ती माझ्या म्होरं देती. तिला कुणी बोलायचं काम न्हाय." त्यांनी बाटली डॉक्टरांच्या हातात ठेवली. "ह्ये बघा. रोज ह्ये पितो आमी. धनी जास्त, मी थोडं."

डॉक्टरांनी बाटली उजेडाकडे धरली. पाणी पिवळे होते आणि तळाशी पाकळ्यांचा गाळ. त्यांनी वास घेतला. "कसली फुले?"

"पिवळी कण्हेर. देठासकट. रातभर भिजवून, कुस्करून."

डॉक्टर वृषाली स्टुलावर बसल्या. भीतीने नव्हे, एखादी अद्‌भुत गोष्ट अचानक समोर यावी आणि माणसाने बसावे, तशा बसल्या.

"काकू, तात्यांची ती गोळी कशापासून निघाली ठाऊक आहे? थंड मुलखात बागेत लावतात तसल्या एका फुलझाडाच्या पानांपासून. इथून हजारो कोसांवर. त्या झाडाने आणि तुमच्या कण्हेरीने एकमेकांना कधी पाहिले नाही. तरी दोघांनी आपापल्या मातीत जवळपास एकच वस्तू बनवली. इतकी सारखी, की रक्त तपासणाऱ्या यंत्रालाही दोन्हींत फरक करता येत नाही. काळजाला ती नेमकी एकाच जागी जाऊन धरते. चिमूटभर मिळाली तर काळीज सावरते. थोडी जास्त झाली, तर थांबवते. सूनबाई गोळी देत होत्या, आणि तुम्ही त्याच गोळीचे पेलेच्या पेले."

बनाबाईंच्या डोळ्यांपुढे कुंपण उभे राहिले, पुरुषभर उंच, वाऱ्यावर डोलणारे. इतकी वर्षे त्या फुलाला देवाचे म्हणत आल्या, आणि त्याच्या पोटात केवढी ताकद दडली आहे याचा पत्ता नव्हता. त्या लहान झाल्या नाहीत. परंतु ते झाड मात्र त्यांच्या मनात एकदम फार मोठे झाले.

"बी ईखारी, ते ठाऊक व्हतं," त्या सावकाश म्हणाल्या. "फुलाचं कुणी सांगितलं न्हाय. अन् वाटलं, म्हादेवाच्या अंगावरून आलंय, त्यानं इख पचवलं आसंल. पर त्यानं पचवलं ते त्याच्या गळ्यात ऱ्हायलं. आमी ते गाळून प्यालो."

"आणि तो मध नसता, तर कडूपणामुळे तात्यांनी पहिल्या दिवशीच थुंकून टाकले असते," डॉक्टर म्हणाल्या आणि उठल्या. आता त्यांच्या कपाळावर आठी नव्हती; हालचालीत वाट सापडलेल्या माणसाची घाई होती.

पांढरी गोळी बंद झाली. कोळशाची काळी भुकटी पाण्यात कालवून आली. पोटात, आतड्यात जे विष अजून फिरते आहे ते कोळसा धरून ठेवतो, असे डॉक्टरांनी सांगितले. या विषावर खरा उतारा आहे, तो परदेशात मेंढीच्या रक्तापासून काढतात, पण तो इथे वेळेवर हाती येईल याची शाश्वती नाही. तोवर काळजाला टेकू द्यावा लागेल. मानेच्या शिरेतून एक बारीक तार आत सरकवायची, थेट काळजाच्या आतल्या भिंतीला टेकवायची, आणि बाहेरच्या पेटीने ठोका द्यायचा.

"जितेपणी? काळजात तार?" दीपकचा चेहरा उतरला.

बनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. "घाला," त्या म्हणाल्या.

"तुमच्याही नाडीवर मला भरवसा नाही, काकू. तुम्हीही समोरच्या पलंगावर. तारा, कोळसा, सगळे."

"मला काय झालंय?"

"आक्का," नागेश धीर करून म्हणाला, "डॉक्टर सांगत्यात त्ये प्या गुमान."

साऱ्या तालुक्यात बनाबाईंशी असे बोलायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिले. मग निमूट पेला तोंडाला लावला. समोरच्या पलंगावर गेणबा आपला पेला संपवून धापा टाकत होते. ओठ, दात, मिशा सगळे काळे झाले होते.

"सकाळपतुर पिवळं तीर्थ," ते क्षीण आवाजात म्हणाले, "आता काळं. मध तरी घातलाय का?"

स्वरूपा हसली आणि मग तिला हुंदका फुटला. बनाबाईंनी काळ्या ओठांनी फर्मान काढले: "दीपक, तिला काय बोललास ते आत्ता हितं, समद्यांच्या म्होरं माघारी घे. अन् मग नागेशला बाहेर ने, च्या पाज. जाळायची भाषा केलीस त्याच्याशी." दीपकने दोन्ही गोष्टी केल्या. मान खाली घालून केल्या, पण केल्या.

तार आत गेली तेव्हा बनाबाई समोरूनच पाहत होत्या. डॉक्टरांच्या हाताखाली ती इंच-इंच सरकत होती, आणि पडद्यावरची रेघ अजून हताश सपाट जात होती. एकाएकी तिने उडी मारली. पुन्हा मारली. मग एकामागून एक, अगदी सारख्या अंतराने, उड्याच उड्या. गेणबांच्या ओठांवरचा पांढरेपणा डोळ्यांदेखत ओसरला. बनाबाईंना कुणी सांगितले असते की पेटीतून माणसाच्या काळजाला ठोका देता येतो, तर त्यांनी त्याला दारातूनच परतवले असते. आता त्या पेटीकडे, तिच्यावरच्या लुकलुकणाऱ्या बारीक दिव्याकडे, पापणी न लववता पाहत होत्या. दिव्याभोवती अजून कडे होते. ते त्यांनी पाहिले, आणि त्याचे कारण आता त्यांना ठाऊक होते.

पुढचे काही दिवस त्या समोरासमोरच्या पलंगांवर गेले. कोळसा, सुया, पुन्हा पुन्हा रक्त. बनाबाईंच्या अंगातले विष आधी उतरले; भिंत पांढरी दिसू लागली, चादर पांढरी दिसू लागली, आणि इतका स्वच्छ पांढरा रंग आपण पूर्वी कधी नीट पाहिलाच नव्हता असे त्यांना वाटले. गेणबांचे सावकाश उतरले. पेटी ठोका देत राहिली, ते झोपत राहिले, आणि बनाबाई उठून बसायची परवानगी मिळताच त्यांच्या उशाशी येऊन बसल्या त्या हलल्या नाहीत.

एका सकाळी डॉक्टर वृषाली आल्या आणि पेटीवरचा खटका हळूहळू मागे फिरवू लागल्या.

"आता पेटीला थोडे गप्प करते. तात्यांचे काळीज काय म्हणते ते पाहू."

खटका मागे आला. पडद्यावरच्या उड्या लांबल्या. एक सपाट जागा आली, लांब, फार लांब. स्वरूपाने दीपकचा दंड घट्ट धरला. बनाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला काही फर्मावले नाही. काय व्हावे तेही मनात म्हटले नाही.

आणि रेघेतून एक उडी वर आली. पेटीच्या उड्यांसारखी टोकदार नव्हती. जरा निराळी, जरा आखूड. तिच्या मागून दुसरी आली. डॉक्टरांनी पेटीवरून हात पूर्ण काढून घेतला. उड्या येतच राहिल्या, थोड्या पुढे-मागे, आपापल्या मर्जीने.

"हे त्यांचे स्वतःचे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा खाली आला होता. मग त्यांनी गळ्यातले छातीचे ठोके ऐकायचे यंत्र काढून बनाबाईंच्या कानांना लावले, आणि त्याची थंड चकती गेणबांच्या छातीवर टेकवली. "ऐका."

बनाबाईंनी डोळे मिटले. आधी काही नव्हते. मग खोल विहिरीच्या तळातून यावा तसा एक दुहेरी आवाज आला. गेला. परत आला. कुणी ढकलत नव्हते, कुणी मोजत नव्हते, कुणी हुकूम देत नव्हते. तो आपला येत होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून ज्या माणसाच्या शेजारी त्या झोपल्या, त्याच्या आतली ही अखंड चाल त्यांनी आज प्रथमच ऐकली. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा कडकपणा कुठल्या कुठे गेला.

गेणबांनी डोळे उघडले. छातीवर वाकलेल्या बायकोकडे बराच वेळ पाहिले.

"काय म्हनतंय गं?" त्यांनी विचारले.

बनाबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"गप ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "ऐकू द्या मला."